आर्डिसचं घर फिनिक्सला हलवलं

माझी भावजय आर्डिस टॉलेफसन हिने उभ्या आयुष्यात कुणाला नाही म्हटलं नव्हतं. टॅमरॅक फॉल्समध्ये या गोष्टीचं सगळ्यांना भारी कौतुक. चर्चच्या तळघरात कॉफी पिताना बायका म्हणायच्या, "आर्डिस म्हणजे सोनं." मला तेव्हाही राग यायचा. सोनं आहे म्हणून कुणीही यावं आणि ओरबाडून न्यावं असं थोडंच असतं?

तिने तीसेक वर्षं शाळेची बस चालवली. उणे पस्तीसच्या थंडीत उठून इंजिन गरम करायचं, कॅनडाच्या हद्दीपर्यंतच्या शेतघरांतून पोरं गोळा करायची, आणि एकाही पोरावर ओरडायचं नाही. मागे दंगा झाला की ती फक्त डोक्यावरच्या आरशात बघायची. तेवढ्यात अख्खी बस चिडीचूप. म्हणजे बाईच्या अंगात जरब नव्हती असं नाही. ती जरब तिने कधी घरात आणली नाही, एवढंच.

आमच्याकडे उत्तर मिनेसोटात माणसं सरळ बोलत नाहीत. केकचा तुकडा पुढे केला तर पहिल्यांदा "नको नको", दुसऱ्यांदा "अगं, खरंच नको", आणि तिसऱ्यांदा "बरं, पण अगदी छोटासा". आणि "तुला सोयीचं असेल तर चालेल" असं कुणी म्हटलं, तर त्याचा अर्थ इथल्या शेंबड्या पोरालाही कळतो. चालणार नाही, पण मी भांडणार नाही, असा तो अर्थ. पुढच्याने तो ओळखून आपणच माघार घ्यायची असते. आर्डिसचा सगळा संसार या भरवशावर चालला होता की पुढच्याला कळेल.

लाइलला कळायचं. लाइल म्हणजे तिचा नवरा, माझा थोरला भाऊ. गावच्या आइस हॉकीच्या रिंकवर बर्फ गुळगुळीत करणारी गाडी तो चालवायचा. गावातल्या प्रत्येक पोराला त्याने स्केट्सवर पडताना बघितलं होतं. घरी आला की बुटांना बर्फाचा वास, आणि जेवताना एकच विषय. कोणाची पाती बोथट झालीत, कोण वळताना कच खातो, कोणाच्या बापाला पोराला खेळवायची हौस आहे आणि पोराला मात्र नाही. आर्डिस त्याला वाढत वाढत सगळं ऐकायची. हॉकी तिला आवडायची की नाही, ते मला आजही माहीत नाही. तिला लाइल आवडायचा.

त्यांची दोन मुलं. कॅरी मिनियापोलिसला, तिला दोन पोरं. आणि ब्रेंट ॲरिझोनात, फिनिक्सला, वीस वर्षं झाली. ब्रेंट दर थँक्सगिव्हिंगला येतो, टर्की खातो आणि आईच्या घरातलं काहीतरी सुधारून जातो. एका वर्षी त्याने टीव्ही सुधारला. शिडी लावून छपरावरचा अँटेना काढला, गॅरेजच्या मागे फेकला आणि टीव्हीला मागून एक डबी जोडली.

"आई, आता सगळं इंटरनेटवरून. लाइव्ह चॅनेलं, मॅचेस, बातम्या, सगळं. एकाच सबस्क्रिप्शनमध्ये सहा जणांची नावं घालता येतात. तू, बाबा, मी, कॅरी, सगळे एका कुटुंबात!"

"अरे, पण अँटेना चांगला होता की," आर्डिस म्हणाली.

"आई, तो अँटेना माझ्यापेक्षा म्हातारा आहे."

पैसे आर्डिसच्या कार्डावरून जायचे. पण खातं उघडताना ब्रेंटने स्वतःचा ईमेल घातला, कारण म्हणे आईला तिचा पासवर्ड आठवत नाही. त्यामुळे त्या कंपनीच्या दृष्टीने कुटुंबाचा कर्ता ब्रेंट झाला, आणि आर्डिस सदस्य. घर कुठलं ते ठरवायचं त्याने, आणि ज्या गावचं घर त्याच गावची चॅनेलं सगळ्यांना दिसायची. कोण आत, कोण बाहेर, तेही त्याने. मी तिथेच बसले होते, पंपकिन-पाय, म्हणजे भोपळ्याचं गोड, खात. मला वाटलं, पोरगा आईसाठी काहीतरी करतोय, करू दे.

पुढच्या वर्षी लाइलची आठवण जायला लागली. आधी किल्ल्या, मग रस्ते, मग माणसं. एका हिवाळ्यात तो पायजम्यावर रिंककडे चालत निघाला, बर्फ तयार करायचाय म्हणून. मग तालुक्याच्या गावी, आमच्याकडून तासाभराच्या वाटेवर, विसरणाऱ्या माणसांसाठी जे घर आहे तिथे त्याला ठेवावं लागलं. तिथे फादुमो नावाची नर्स होती. तिचे आईबाप सोमालियातून आलेले, पण पोरगी इथेच वाढलेली, आणि हॉकीतलं तिला माझ्यापेक्षा जास्त कळायचं.

लाइल आर्डिसला ओळखेनासा झाला. तिला तो "बाई" म्हणायचा. "बाई, सूप छान होतं." ती स्वयंपाकघरातली आहे असं त्याला वाटायचं. ती "थँक्यू" म्हणायची आणि गाडीत येऊन बसायची, बराच वेळ इंजिन चालू न करता.

पण त्याच्या खोलीतल्या टीव्हीवर हॉकीचा सामना लागला की काय व्हायचं कोण जाणे. पडद्यावर बर्फ दिसला की दहा-पंधरा मिनिटांत माणूस परत यायचा. आणि तो म्हणायचा, "आर्डिस, बघितलंस का? हे पोरगं वळताना बघ." आर्डिस. नाव घेऊन. सामना संपला की पुन्हा बाई.

हिवाळ्यात ते रस्ते संध्याकाळी चालवण्यासारखे नसतात. म्हणून आर्डिसने आणि फादुमोने नवीच पद्धत काढली. आपल्या राज्याच्या संघाचा सामना असेल त्या संध्याकाळी फादुमो त्याच्या खोलीतल्या टीव्हीवर तेच घरचं सबस्क्रिप्शन लावून द्यायची आणि फोन उघडा ठेवायची. इकडे आर्डिस तिच्या स्वयंपाकघरात तोच सामना लावायची. दोघं फोनवर बोलत बघायची. रोज नाही, आठवड्यातून दोन-तीनदा. तेवढं तिचं लग्न उरलं होतं.

आता गंमत ऐका. त्या सबस्क्रिप्शनमध्ये नावं सहा, पण एका वेळी पडदे तीनच चालतात. चौथ्याने लावलं की त्याच्या पडद्यावर पाटी येते, तुमच्या खात्यावर जास्त पडदे चालू आहेत. कॅरीची पोरं कार्टून लावून खेळायला निघून जायची, टीव्ही तसाच चालू. ब्रेंटच्या घरी दिवाणखान्यात एक टीव्ही आणि जिममध्ये एक. मग पाटी कुणाच्या नशिबी येणार? जो उशिरा आला त्याच्या. लाइल गोंधळायचा. त्याला वाटायचं, रिंकवरून हाकलून दिलं. "मी काय केलं?" म्हणून फोनवर रडायचा.

एका संध्याकाळी मी तिच्याकडे दालचिनीचा केक घेऊन गेले, तर बाई काळ्या टीव्हीसमोर बसलेली. फोन कानाला लावलेला.

"टीव्ही बिघडला का?"

तिने ओठांवर बोट ठेवलं. फोनवर हात ठेवून म्हणाली, "मी माझा बंद केला. म्हणजे त्याचा चालतो."

"आणि तू?"

"मला ऐकू येतंय ना तो काय म्हणतोय ते."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अगं, पैसे तुझे! टीव्ही तुझा! आणि तू अंधारात बसतेस कारण तुझा मुलगा व्यायाम करताना बातम्या बघतो?"

"हळू बोल, मार्लिस. पोरंच आहेत. असू दे."

"पोरं? ब्रेंटचं टक्कल बघितलंस का?"

ती हसली. हसण्यावारी न्यायची तिची हीच सवय. मी घरी आले आणि कॅरीला फोन लावला.

"आत्या, मला माहीतच नव्हतं," कॅरी म्हणाली. "मी आईला विचारलं होतं, तेव्हा तीच म्हणाली की चालेल."

"चालेल म्हणाली, का तुला सोयीचं असेल तर चालेल म्हणाली?"

कॅरीला फरक लगेच कळला. ती मिनियापोलिसलाच राहते, इथलं बोलणं विसरण्याएवढी लांब गेलेली नाही. त्यानंतर तिने पोरांचा टीव्ही बंद ठेवायला सुरुवात केली, हे मी मान्य करते. ब्रेंटला मी निरोप ठेवला. त्याने मला अंगठ्याचं चित्र पाठवलं.

आणि त्याच हिवाळ्यात, फेब्रुवारीत, आमच्या गावाला वेड लागलं. टॅमरॅक फॉल्सच्या शाळेचा हॉकी संघ राज्याच्या स्पर्धेत पोचला. लाइल ज्या वर्षी त्या गाडीवर लागला, त्यानंतर हे पहिल्यांदाच. दुकानांच्या काचांवर हिरवी अक्षरं, शाळेला सुट्टी, स्पर्धा जिथे होते त्या सेंट पॉलला जायला बसेस. त्यातल्या एका बसवर आर्डिसला चालकाची जागा देऊ केली होती. ती म्हणाली, "मी लाइलबरोबर बघणार." इतक्या सरळ शब्दांत तिने काही मागितलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. राज्यभर स्थानिक चॅनेलवर सामना लाइव्ह दाखवणार होते. या पोरांच्या बापांना लाइलने लहानपणी बर्फावर उचलून उभं केलेलं. आर्डिसला खात्री होती की एवढं बघून तो नुसता परत येणार नाही, जरा थांबेल. कदाचित रात्रीच्या जेवणापर्यंत. तिने फादुमोला सांगून त्याच्या खोलीत दोघांचं जेवणही मागवून ठेवलं होतं.

सामना गुरुवारी दुपारी. आम्ही दोघी सकाळीच निघालो, हिरव्या टोप्या, थर्मासमध्ये कॉफी, लेमन बार्स म्हणजे लिंबाच्या गोड वड्या. आर्डिसने लिपस्टिक लावली होती.

फादुमोने लाइलला हिरवा स्वेटर घालून खुर्चीत बसवलं होतं. "आज बाबांची पोरं खेळणार!" असं म्हणून तिने टीव्ही लावला. पडद्यावर एक माणूस अर्ध्या चड्डीत पोहण्याच्या तलावाशेजारी उभा राहून तलाव साफ करायची पावडर विकत होता. मागे निवडुंग.

"चुकीचं चॅनेल लागलं," आर्डिस म्हणाली.

चॅनेल बरोबर होतं. आकडा तोच, पण गाव दुसरं. खाली हवामान आलं, फिनिक्स, लख्ख ऊन. फादुमोने सगळी यादी वरखाली केली. आमचं चॅनेल नव्हतं. राज्याच्या संघाचं चॅनेलही नव्हतं. मग फादुमो म्हणाली, "तरीच! सोमवारी पण सापडत नव्हतं. तुम्ही म्हणालात पडदे जास्त झाले असतील, म्हणून मी सोडून दिलं."

आर्डिसने ब्रेंटला फोन लावला. मी तिला स्पीकरवर टाकायला लावलं.

"हां आई, मी तुला मेसेज केला होता की! घर इकडे बदललंय खात्यावर. इथल्या मॅचेस दिसत नव्हत्या मला. तू म्हणालीस चालेल."

"मी म्हणाले, तुला सोयीचं असेल तर," आर्डिस म्हणाली.

"हो ना. मग सोयीचं होतं."

"आता परत इकडे कर ना रे. सामना सुरू होतोय. बाबा बसलेत."

"आई, वर्षातून दोनदाच बदलता येतं. एकदा मी उन्हाळ्यात तळ्यावरच्या केबिनसाठी बदललं होतं आणि परत आणलं, ते जाऊन-येऊन एकच धरतात. हे दुसरं. आता जूनपर्यंत नाही होत. मी काही करू शकत नाही, ते कंपनीचं आहे."

"ब्रेंट, प्लीज." तिचा आवाज फाटला. "तो मला ओळखतो रे तेव्हा. तेवढाच ओळखतो."

"आई, रडू नकोस. सामना उद्या नेटवर पूर्ण मिळेल, मी पाठवतो. त्यांना काय, लाइव्ह आणि उद्याचा सारखाच. मी मीटिंगमध्ये आहे, ठेवू?"

त्याने ठेवला. मी त्या फोनला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. पाद्रीबाईंनी हे वाचलं तर मला चर्चमध्ये बसू देणार नाहीत. पण फोन बंद झाला होता, आणि शिव्या बंद फोनला घालून काय उपयोग?

तिथल्या मोठ्या हॉलमधल्या संस्थेच्या टीव्हीवर सामना चालू होता. वीस पावलांवर. आम्हाला ओरडा ऐकू येत होता. पण लाइलला गर्दी सोसायची नाही. चार माणसं एकत्र दिसली की तो भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा. तरी आर्डिस म्हणाली, बघू या. आम्ही त्याला दोन्ही बाजूंनी धरून नेलं. दारात पोचलो आणि नेमका आमच्या पोरांनी गोल केला. सगळा हॉल उसळला, काठ्या, वॉकर, टाळ्या. लाइलने चौकट गच्च धरली, डोळे मिटले आणि किंचाळायला लागला. कधी ऐकला नव्हता तसा आवाज. माझ्या भावाचा. त्याची बोटं चौकटीवरून एकेक करून सोडवावी लागली.

खोलीत आणल्यावर फादुमोने आणखी एक करून बघितलं. तिने हॉलमधून आपल्या फोनवरून व्हिडिओ कॉल करून सामना दाखवला आणि आम्ही आर्डिसचा फोन त्याच्यासमोर धरला. हातभर पडदा असता तर गोष्ट वेगळी होती. त्या तळहाताएवढ्या काचेत त्याला काही दिसलं नाही. त्याने हाताने तो बाजूला सारला आणि थरथरत बसला. आर्डिस त्याच्या गुडघ्यांशी जमिनीवर बसली होती, हिरवी टोपी अजून डोक्यावर.

बऱ्याच वेळाने तो शांत झाला. तिच्याकडे बघून अगदी सौजन्याने म्हणाला, "बाई, उशीर झाला. तुम्हाला न्यायला कुणी येणार आहे का?"

आमची पोरं हरली. ते जेवण मी परत पाठवलं.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या नावाने नवं सबस्क्रिप्शन घेतलं आणि लाइलच्या खोलीत लावून दिलं. आमचं गाव, आमचं राज्य, सगळी चॅनेलं. आर्डिस त्याच्या शेजारी बसायची. बर्फ दिसायचा, पोरं धावायची, आणि लाइल भिंतीकडे बघायचा. टीव्हीतून ओरडा आला की तो चौकट धरल्यासारखी खुर्ची धरायचा. मग आम्ही आवाज बंद करून बघितलं. तरीही नाही. डॉक्टर म्हणाले, एका दुपारमुळे असं काही होत नाही, आजारच असा पायरी पायरीने उतरतो. डॉक्टरांना म्हणू दे. त्या चौकटीवरून मी त्याची बोटं सोडवली आहेत, त्यांनी नाही.

एप्रिल संपता संपता त्याच्या छातीत कफ झाला आणि तो गेला.

चर्चच्या तळघरात जेवण होतं. हॅमची सँडविचेस, बटाट्याचं सॅलड, बायकांनी आणलेले सात-आठ तऱ्हेचे बार्स. अर्धं गाव आलेलं, पोरांचा अख्खा संघ हिरव्या जॅकेटांत. ब्रेंट उन्हाने भाजलेला चेहरा घेऊन फिरत होता, सगळ्यांचे हात हातात घेत होता. मी त्याच्यापासून लांब कॉफीच्या भांड्यापाशी उभी राहिले, कारण भांडं गरम होतं आणि माझा स्वतःवर विश्वास नव्हता.

कॉफी फिरल्यावर तो पुढे गेला. लॅपटॉप उघडून प्रोजेक्टरला जोडला, भिंतीवर उजेड पडला.

"सगळ्यांनी जरा इकडे बघा," तो म्हणाला. "सेंट पॉलला झालेला आपल्या पोरांचा सामना बाबांचा बघायचा राहून गेला. मी तो पूर्ण मिळवलाय, चांगल्या क्वालिटीत. मला वाटलं, आज आपण सगळ्यांनी मिळून बाबांच्या नावाने बघू या."

बर्फ दिसला. बायका म्हणाल्या, अगंबाई, किती छान कल्पना. कुणीतरी डोळे पुसले. पोरांनी एकमेकांना कोपरं मारली.

"बंद कर," आर्डिस म्हणाली.

ती मोठ्याने बोलली नव्हती, पण भिंतीपाशी ऐकू गेलं.

"आई?"

"बंद कर ते, ब्रेंट."

"आई, मी तुझ्यासाठीच आणलंय. बाबांना किती—"

"त्याला सामना बघायचा नव्हता." ती उठली. हातातली बशी तिने टेबलावर ठेवली, नीट, मधोमध. "त्याला सामन्यातलं काही लक्षातही राहत नव्हतं. मला बघायचं होतं. मला त्याच्या तोंडून माझं नाव ऐकायचं होतं. हे मी तुला फोनवर सांगितलं. रडत सांगितलं. आणि तू म्हणालास, मीटिंग आहे."

"आई, तू आधी नीट सांगितलं असतंस—"

"आता नीट सांगते. तो मेला तेव्हा मी त्याचा हात धरून बसले होते. त्याने डोळे उघडले आणि म्हणाला, बाई, माझ्या बायकोला निरोप द्याल का? मी म्हटलं, देईन. काय निरोप ते सांगायच्या आत गेला."

कॅरी तोंडावर हात धरून उभी होती. मागे भिंतीवर आमची पोरं आवाजाशिवाय खेळत होती, ब्रेंटला ते बंद करायचंसुद्धा सुचलं नाही. एका पोराने जाऊन वायर ओढली.

ब्रेंट रडायला लागला. एवढा मोठा माणूस, दोन्ही हात पुढे करून आईकडे आला, लहानपणी गुडघा फुटला की यायचा तसा. सगळे वाट बघत होते. आर्डिस कशी आहे ते सगळ्यांना माहीत होतं ना.

तिने त्याला जवळ घेतलं नाही.